चौथी ओळ

२ मार्च

बसचं इंजिन धडधडतंय, काचा थरथरतायत, बाहेर धुकं आहे आणि आत अंधारात एकामागून एक आवाज उठतायत. पोपटाचा खणखणीत. धडामचा खर्जातला. मुक्याचा जेमतेम ऐकू येणारा. आणि मग तो चौथा, झोपेनं जड झालेला, नाकातून निघून शेवटी लांबत जाणारा: "दिवा म्हणाला, मी आहे नाऽऽ."

धाकट्याचा, माझ्या भावाचा आवाज.

आज तो ऐकूनच जागा झालो. खाली चावीवाल्यानं दुकान उघडून यंत्र सुरू केलं होतं. माझ्या झोपेनं त्या घरघरीचं इंजिन केलं असणार. म्हाताऱ्याची झोप म्हणजे हौशी नाटक मंडळी, हाताला लागेल त्या सामानात वेळ भागवते.

ही वही पुतणीनं आणली. धाकट्याची मुलगी, आई गेल्यापासून माझ्याकडेच असते. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते. म्हणाली, "काका, दिवसभर भिंतीशी बोलता. त्यापेक्षा कागदाशी बोला, तो निदान मान तरी हलवत नाही."

आज विश्वकोश येऊन गेला. हा आमच्या बँडचा जुना चाहता. विजेचे मीटर तपासायची नोकरी करता करता दौऱ्यादौऱ्याला आमच्या बसमागे स्कूटर पळवायचा. महिनाअखेरीला बँडचा निरोपाचा कार्यक्रम आहे, त्यात दोन गाण्यांच्या मधे मोठ्या पडद्यावर बँडच्या इतिहासाचे प्रश्न दाखवणार आहेत. ते जमवायचं काम याच्याकडे. मी बँडचे शब्द लिहायचो आणि गिटारच्या तारा जुळवायचो. शाळामास्तरकी सोडून आलेलो, म्हणून सगळे मास्तरच म्हणत.

"मास्तर, सोपा प्रश्न. मंचावर धूर सोडणारा आपल्याकडचा पहिला बँड कुठला? उत्तर, आपलाच! पहिल्याच कार्यक्रमात."

"धूर कसला बाबा! पिठाच्या गिरणीचं गोदाम होतं ते. धडामनं पहिला ठोका मारला आणि ड्रमवर साठलेलं पीठ उडालं. पोपटानं पहिलं कडवं शिंकत म्हटलं."

त्याचा चेहरा उतरला. "अहो, मी आयुष्यभर लोकांना धूर म्हणून सांगत आलोय."

"सांगत राहा. पिठापेक्षा धूर बरा दिसतो."

जाता जाता त्यानं खरा प्रश्न काढला. शेवटचा, मोठ्या बक्षिसाचा. "इतक्या वर्षांत साहेबांनी हजेरीच्या गाण्यातली चौथी ओळ एकदाही का म्हटली नाही?"

साहेब म्हणजे पोपट. आमचा गायक. लोकांचा साहेब, आमचा पोपटच, कारण लहानपणापासून कुणाचीही नक्कल हुबेहूब करायचा.

हजेरीची गोष्ट अशी. सुरुवातीच्या एका दौऱ्यात धडाम हॉटेलात जेवत बसला आणि बस त्याला टाकून निघून गेली. परत आला तो तीन दिवस कुणाशी बोलला नाही. तेव्हा मी ठरवलं, बस सुटण्याआधी हजेरी. पण मोठ्या माणसांची हजेरी घेतली तर ती चिडतात. वर्गात माझा अनुभव होता, पोरं हजेरीला कंटाळतात पण कवितेला नाही. म्हणून मी सहा ओळी रचल्या, माणशी एक. एक जरी ओळ आली नाही तरी बस हलणार नाही.

चाक म्हणालं, चला की राव
रस्ता म्हणाला, लांब आहे गाव
ढग म्हणाला, भिजशील ना
दिवा म्हणाला, मी आहे ना
झाड म्हणालं, परत कधी?
दार म्हणालं, लावा मला आधी!

पोपट, धडाम, मुका, धाकटा, मी, आणि शेवटी ड्रायव्हरमामा. त्याची ओळ संपली की दार धाडकन लागायचं. पुढे त्याचंच गाणं झालं, आणि आमच्या सगळ्या गाण्यांत तेच जगलं. धाकटा एका दौऱ्यात नाहीसा झाल्यापासून चौथ्या ओळीला पोपट माइकपासून बाजूला होतो आणि ती ओळ लोक म्हणतात. पूर्वी काड्या पेटवायचे, आता मोबाइल उजळतात. हजारो दिवे. मी पडद्याआडून पाहायचो आणि डोळे पुसायचो.

"मित्रप्रेम," मी विश्वकोशाला म्हणालो. "दुसरं काय उत्तर असणार?"

त्यानं लिहून घेतलं.

५ मार्च

विश्वकोश पुन्हा. आज तो रंगात होता आणि मीही. धाकट्याबद्दलच्या अफवांचं एक पानच केलंय त्यानं. कुणी म्हणतं तो बेटावर दीपगृह सांभाळतो. कुणी म्हणतं दाढी वाढवून डोंगरात बसलाय. कुणी त्याला बंदरावर गिटार विकताना पाहिलं. मला त्यातलं दीपगृह आवडतं. दिवा म्हणाला, मी आहे ना. कवितेला शोभणारा शेवट आहे तो.

मग मी त्याला एक गुपित दिलं. देऊ नको देऊ नको म्हणत दिलंच. गाण्याची मूळ ध्वनिफीत केली त्या दिवशी धाकट्याचा जबडा सुजलेला, दाढ काढली होती. स्टुडिओ परत मिळणार नव्हता. तेव्हा चौथी ओळ पोपटानं म्हटली, धाकट्याच्या आवाजात! तेच नाकातलं लांबट 'ना'. मी काचेपलीकडे होतो, मला दचकायला झालं. धाकटा स्वतः हसून हसून गाल धरत होता.

"म्हणजे फितीवर धाकटे नाहीतच?" विश्वकोश उठून उभाच राहिला.

"एका अक्षरानंही नाही. त्याची फक्त गिटार."

"मास्तर, हे पडद्यावर लावलं तर लोक खुर्च्यांवर चढतील!"

पोपटाची ही विद्या आम्हाला दौऱ्यात फार उपयोगी पडे. धडाम पिऊन पडला असला की पोपट त्याचीही ओळ त्याच्याच आवाजात म्हणून टाकी. बिचाऱ्याला झोपू दे, म्हणे. मला ते कळल्यावर मी नियमच केला, आपापली ओळ आपणच म्हणायची. नियम सगळ्यांनी पाळला. माझ्या वर्गात नियम मोडलेला नाही कधी.

७ मार्च

विशेष काही नाही. पुतणीनं मला नवा चष्मा करून दिला. जग आहे त्यापेक्षा जास्त स्पष्ट दिसतंय, आणि त्यात फारसं काही नव्यानं पाहण्यासारखं नाही.

९ मार्च

दुपारी पोलीस खात्यातल्या एक बाई आल्या. साध्या कपड्यांत, पायातले बूट दाराबाहेर काढून. अशा माणसानं आणलेली बातमी कधी चांगली नसते.

त्या पहाटे आमची बस थांबली होती त्या घाटाखालच्या पेट्रोल पंपाजवळ रस्ता रुंद करतायत. मागच्या बंद पडलेल्या दगडखाणीत यंत्रानं माती ओढली तेव्हा एक सांगाडा निघाला. जुना. पुरुषाचा. त्या काळात बेपत्ता झालेल्यांच्या यादीत धाकट्याचं नाव होतं.

मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं, "तो नाही. असूच शकत नाही."

"का, आजोबा?"

तेव्हा जे सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं. रात्रभर प्रवास झाला होता. पहाटे पंपावर थांबलो. हाडं फोडणारी थंडी, धुकं इतकं की स्वतःचा हात दिसू नये. सगळे खाली उतरले, चहा झाला, कुणी आडोशाला गेलं. मग वर चढलो आणि हजेरी झाली. चौथी ओळ आली. मी स्वतःच्या कानांनी ऐकली. म्हणजे पंप सुटला तेव्हा तो बसमध्ये होता. पुढे रेल्वेच्या फाटकात बस फार वेळ अडकली, तिथे तो उतरला असणार. दुपारी मुक्कामाला पोचलो तेव्हा मागच्या लांब बाकावर त्याच्या घोंगडीचा ढीग होता आणि खाली गिटारची पेटी. तो नव्हता. फाटकापासून पुढे सगळा मुलूख शोधला. विहिरी पाहिल्या, धर्मशाळा पाहिल्या.

"आणि पंपाजवळ?"

"पंपाजवळ कशाला? तिथे तो बसमध्ये होता."

बाईंनी एक फोटो पुढे केला. मातीनं काळी पडलेली पितळेची आखूड नळी, करंगळीत जाईल एवढी.

धाकटा तसली नळी करंगळीत घालून तारांवरून सरकवायचा. आम्ही जुन्या नळातून कापून घेतली होती. पण नळ काय एकालाच असतो? एखाद्या नळदुरुस्तीवाल्याची पडली असेल, मी म्हणालो.

पुतणी तोवर कामावरून आली होती. पर्स खांद्यावर तशीच. तिनं फोटो घेतला, खिडकीपाशी नेला आणि दुकानात भिंग तपासते तसा डोळ्यांजवळ धरून पाहिला. बराच वेळ.

"नमुना कुणाचा लागेल?" तिनं विचारलं. "माझा चालेल ना? मी मुलगी आहे."

१० मार्च

दोघांचाही नमुना घेतला. गालाच्या आतून कापूस फिरवतात. मी नको म्हणत होतो. आपण होऊन मढं कशाला मागून घ्यायचं?

परत येताना बसथांब्यावर तिला म्हणालो, "पोरी, मनाला लावून घेऊ नकोस. तो नसणार तो. तो असेल कुठेतरी, ठणठणीत."

"असेल तर मला ते जास्त लागेल काका," ती म्हणाली. "आई मरेपर्यंत काय म्हणायची ठाऊक आहे? तुझा बाप आपल्याला ओवाळून टाकून गेला. शाळेत मला पळपुट्याची पोर म्हणायचे. तुम्हाला तो जिवंत हवाय. मला तो कसा हवाय हे मला तोंडानं म्हणवत नाही."

बस आली तेव्हा आम्हा दोघांचंही लक्ष नव्हतं, ती गेली.

१४ मार्च

पोपटाला फोन केला. पोलीस त्याच्याकडेही गेले होते म्हणे. कुणा सहायकानं उचलला, साहेब विश्रांती घेतायत म्हणाला. पुन्हा केला. साहेब तालमीत आहेत. मी म्हटलं, एका वेळी दोन्ही कशी करतो? फोन ठेवला गेला.

मोठा झाला म्हणून मला राग नाही. त्या वेळी माझ्यामागे उभा राहिला तो तोच होता. पोलिसांनी एकेकाला खोलीत बोलावलं होतं. पोपट बाहेर आला तेव्हा पांढराफटक. मला म्हणाला, "मी सांगितलं, मास्तर म्हणतात तेच. मास्तरांचे कान म्हणजे तराजू." त्याचं आणि धाकट्याचं तेव्हा बाजारू गाण्यांवरून वाजलं होतं, आदल्या रात्री मंचामागे हातघाईवर आले होते, तरी भावापेक्षा जास्त रडला तो. पुढे त्यानं धाकट्याच्या बायकोला मदत पाठवायचाही प्रयत्न केला. तिनं दार लावून घेतलं.

कानांचं मात्र खरं आहे. चौथीचा वर्ग मिळून कविता म्हणायचा, खिडक्या हलायच्या, आणि त्यात एखादं पोर नुसतेच ओठ हलवत असलं तर मला फळ्याकडे तोंड करून कळायचं. मी न वळता नाव घ्यायचो. पोरांना वाटे मास्तरांच्या पाठीला डोळे आहेत. पाठीला नव्हते, कानांना होते.

१७ मार्च

मुक्याला भेटून आलो. धडाम गेला, ड्रायव्हरमामा गेला, पोपट भेटत नाही. उरला मुका. बास गिटार वाजवणारा, आयुष्यात एकूण बोलला असेल तेवढं मी रोज आंघोळीला बोलतो. आता वृद्धांच्या वसतिगृहात असतो. भिंती फिक्या हिरव्या, जमिनीला फिनेलचा वास, सगळ्या खुर्च्या बंद टीव्हीकडे तोंड करून.

मी त्याला सांगाड्याचं सांगितलं. तो ऐकत राहिला. हात मांडीवर, बोटं तार दाबल्यासारखी हलत होती.

"तो असूच शकत नाही ना रे?" मी म्हणालो. "ओळ आली होती. आठवतंय ना तुला?"

"आली होती," मुका म्हणाला.

"बघ!"

मग बऱ्याच वेळानं, मी निघायला उठलो तेव्हा, तो म्हणाला, "पुढून आली होती."

"काय पुढून?"

"ओळ. धाकटा झोपायचा मागे. ओळ पुढून आली."

"तुला कसं कळलं? मी तर कानटोपी घालून डोळे मिटून बसलो होतो, मला नाही कळलं पुढून की मागून."

तो बंद टीव्हीकडे पाहू लागला. वाईट वाटलं. इतका तालाचा पक्का माणूस, पण वय कुणाला सोडतं? चाळीस वर्षांनी माणसाला पुढचं मागचं कुठून आठवणार? जाताना त्याच्या हातात संत्री ठेवली. त्यानं माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

१८ मार्च

मुक्याचं असंच गंमत म्हणून पुतणीला सांगितलं. तिनं पोळी लाटायची थांबवली.

"पुढे कोण बसायचं?"

"ड्रायव्हरमामा. आणि त्याच्या बाजूच्या बाकावर पोपट. त्याला गाडी लागायची ना."

"काका, समजा ती हाडं बाबांची निघाली. मग ओळ कुणी म्हटली?"

"निघणारच नाहीत."

"समजा म्हणतेय मी."

"समजा कशाला? नसलेल्या गणिताचं उत्तर काढत बसू नये."

"तुम्ही मास्तर ना? वर्गात असं म्हणाला असतात?"

मी रागावलो. आवाज चढला माझा. म्हणालो, माझे कान खोटे ठरवायचेत तुला? त्याच कानांवर पोलिसांनी सारा तपास केला! तिनं पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि पुन्हा लाटायला लागली. पोळी फाटली तरी लाटतच होती.

२२ मार्च

आजचा दिवस वाईट गेला, आणि का ते मला पूर्णपणे कळलेलं नाही.

विश्वकोश जुनी ध्वनिफीत आणि वाजवायचं यंत्र घेऊन आला. तालमी बंद आहेत म्हणाला. साहेबांचा घसा बसलाय, दोन डॉक्टर झाले, घशात काही दोष सापडत नाही. तिकिटं तर सगळी संपलीत. बिचारा काळजीत होता, पण प्रश्नांची हौस काही जात नव्हती. "मास्तर, ते गुपित एकदा तुमच्यासमोर पडताळून घेतो. नाहीतर लोक मला खातील."

पुतणी घरीच होती. गाणं सुरू झालं तशी ती आतून येऊन दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. चेहरा मऊ झालेला. चौथी ओळ आली. दिवा म्हणाला, मी आहे नाऽऽ. तिचे ओठ त्या 'ना'बरोबर हलले, श्वासासकट.

विश्वकोशानं बटण दाबून फीत थांबवली. "आणि हा, ताई, हा आवाज कुणाचा असेल? सांगा, सांगा! अख्खं जग चुकतं इथे."

"बाबांचा," ती म्हणाली.

"चूक! साहेबांचा! नक्कल आहे ती! धाकट्यांची दाढ दुखत होती!"

तो टाळी वाजवणार होता. अर्ध्यात हात थांबले त्याचे.

ती माझ्याकडे वळली. "काका?"

"हो गं," मी म्हणालो. "गंमतच झाली होती त्या दिवशी, मीसुद्धा दचकलो होतो. तुला कधी सांगितलं नाही का?"

"मी त्या आवाजावर झोपायचे," ती म्हणाली. "आई घरात नसली की मी ती फीत लावायचे आणि झोपायचे. माझ्याकडे बाबांचं तेवढंच होतं."

विश्वकोशानं यंत्र गुंडाळायला घेतलं. वायर त्याच्या पायात अडकली. मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो, की आवाज कुणाचा का असेना, शब्द तर तुझ्या काकाचे आहेत. तिनं हात वर करून मला थांबवलं.

"हुबेहूब," ती म्हणाली, मला नाही, स्वतःशी. "इतकं हुबेहूब की तुम्हीसुद्धा दचकलात."

मग ती खाली बसली. जमिनीवरच. "काका, धुक्यात, इंजिनाच्या आवाजात, कानटोपी घालून तुम्हाला फरक कळला असता?"

मी म्हणालो, आपापली ओळ आपणच म्हणायची असा नियम होता.

ती माझ्याकडे पाहत राहिली. लहान मुलाकडे पाहावं तशी, किंवा फार म्हाताऱ्या माणसाकडे.

२३ मार्च

दिवसभर भुजंगप्रयातातलं काहीतरी डोक्यात घोळतंय. शब्द नाहीत, नुसता ठेका. लघु गुरू गुरू, लघु गुरू गुरू. बसच्या चाकांसारखा. थांबत नाही.

२६ मार्च

तोच आहे.

बाई स्वतः सांगायला आल्या. आजही बूट बाहेर काढले. पुतणीशी नमुना जुळला, शंकेला जागा नाही. धुक्यात आडोशाला गेला असेल आणि खाणीच्या काठावरून पडला असेल, असं त्या म्हणाल्या. मांडीचं हाड मोडलेलं आहे. डोकं शाबूत.

पुतणीनं विचारलं, "लगेच गेले का?"

बाई म्हणाल्या, "सांगता येत नाही ताई. पण अंगातला शर्ट फाडून पाय बांधलेला दिसतो. काठीसुद्धा लावली होती. म्हणजे काही काळ..."

म्हणजे काही काळ तो तिथे होता. पंपापासून हाकेच्या अंतरावर. त्याचा आवाज असा नाकातला, लांब जायचा नाही. आणि आम्ही फाटकाच्या पलीकडे विहिरी धुंडाळत होतो, कारण मी सांगितलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी मुलांना शिकवायचो आणि मुलं हसायची.

बाई जाताना म्हणाल्या, "तेव्हाच्या जबाबात तुम्ही म्हटलंय की हजेरीला त्यांनी उत्तर दिलं."

"दिलं होतं," मी म्हणालो. सवयीनं.

मग पुतणी म्हणाली, "ते पळून गेले नव्हते." दोनदा म्हणाली. दुसऱ्यांदा तिचा आवाज फुटला. तिनं आईचा फोटो भिंतीवरून काढला आणि मांडीवर घेऊन बसली. "आई, ते पळून गेले नव्हते गं."

संध्याकाळी ती कामावर गेली. मी म्हटलं, आज कशाला? म्हणाली, एका म्हाताऱ्या बाईंचं भिंग उद्या द्यायचंय, त्यांना दिसत नाही.

२७ मार्च

काल रात्री झोप नाही. मी पुनःपुन्हा बसमध्ये चढतो. चाक म्हणालं. रस्ता म्हणाला. ढग म्हणाला. मग मी मागे वळून पाहायचं ठरवतो आणि मान वळत नाही.

सकाळी विश्वकोशाचा फोन. पडद्यावरच्या प्रश्नांतला शेवटचा प्रश्न साहेबांनी काढायला लावला. लेखी निरोप, एकच वाक्य. घसा अजून बसलेलाच, पाणीही धड गिळत नाहीत, कार्यक्रमाचं काय होणार देव जाणे. "काढला कशाला असेल मास्तर? चांगला प्रश्न होता. आपलं उत्तरही चांगलं होतं."

मी म्हटलं, "उत्तर काय लिहिलं होतंस?"

"मित्रप्रेम."

मी फोन ठेवला.

दुपार अशीच गेली. पुतणीला सुट्टी होती. आम्ही दोघं खोलीत बसलो होतो, ती खिडकीशी, मी खुर्चीत. खाली चावीवाल्याचं यंत्र घरघरत होतं. मग ते थांबलं, आणि जिन्यावर पावलं वाजू लागली. हळू. दोन पायऱ्या, थांबणं. पुन्हा दोन. विश्वकोश असा चढत नाही, तो धडपडत येतो. पोलीसबाईही नव्हेत. पावलं दाराशी आली आणि थांबली. बूट काढल्याचा आवाज नाही, कडी वाजवल्याचा नाही. कुणीतरी नुसतं उभं होतं आणि श्वास घेत होतं.

"कोण आहे?" पुतणी म्हणाली.

उत्तर नाही.

"कोण?"

आणि दारापलीकडून तो आला. झोपेनं जड झालेला, नाकातून निघून शेवटी लांबत जाणारा.

"दिवा म्हणाला, मी आहे नाऽऽ."

पुतणी उठून उभी राहिली. तिचा हात तोंडाशी गेला. क्षणभर, एकच क्षण, ती चार वर्षांची होती, आई घरात नव्हती आणि फीत फिरत होती. मग तिचा चेहरा दगड झाला.

आणि मी? माझे डोळे मिटलेले होते. माझं तोंड आपोआप उघडलं. चौथी ओळ आली की पाचवी म्हणायची, मागे वळून पाहायचं नाही, तसाच नियम आहे.

"झाड म्हणालं, परत कधी?" मी म्हणालो.

माझाच आवाज माझ्या कानांवर पडला आणि मी डोळे उघडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मान वळली. मागे भिंत होती.

पुतणीनं जाऊन कडी काढली. जिन्यात पोपट उभा होता. एकटा, कठड्याला घट्ट धरून, काळा चष्मा हातात, ओठ अजून त्या 'ना'वर उघडे.

ती वाटेतून हटली नाही. तिनं दारही लावलं नाही.